पाहणारं कुणी नसताना

युनिक्सचा शेल समोर बसलेल्या माणसासाठी घडवला गेला. माणूस एक कमांड टाइप करतो, एंटर दाबतो, आलेलं उत्तर वाचतो आणि मग पुढे काय करायचं ते ठरवतो. कमांड फसली तर शेल एक ओळ छापतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघतो, कारण निर्णय माणसाचा आहे असं त्याने गृहीत धरलेलं असतं. त्याच कमांड फाइलमध्ये लिहून रात्री दोन वाजता आपोआप चालवल्या की हे गृहीतक कोसळतं. फसलेल्या कमांडनंतरची ओळ शेल तितक्याच इमानाने चालवतो, आणि ‘थांब’ म्हणायला तिथे कुणीच नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आमच्या टेस्ट स्क्रिप्ट रात्री चालतात आणि सकाळी चहाच्या वेळेपर्यंत त्यांचा रिपोर्ट तयार असतो. टेस्ट स्क्रिप्टचं काम मुळातच मोडतोडीचं. ती डेटाबेस उभा करते आणि पाडते, चालू प्रोसेस मध्येच मारते, डिस्क भरून टाकते, फाइली उडवते आणि एवढं सगळं करूनही प्रोग्राम शहाण्यासारखा वागतो का ते तपासते. बाकीच्या स्क्रिप्टमध्ये एखाददुसरी घातक ओळ असते, आमच्याकडे अशा ओळींचीच रांग असते. म्हणून शेलच्या इतिहासाकडे मी धंद्याच्या नजरेने बघते. शेल सुरक्षितपणे चालवण्यासाठी गेल्या पन्नासेक वर्षांत जे जे शोधलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं त्या नसलेल्या माणसाची जागा भरून काढण्यासाठी होतं, असं माझं ठाम मत आहे. हे एकदा ध्यानात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

गोष्ट शेलच्याही आधीपासून सुरू होते. १९६०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची व्यवस्था चालत असे. एका मोठ्या संगणकावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करत. तिथे काम करणाऱ्या लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६३-६४च्या सुमारास ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या कमांड तो एकामागून एक चालवत असे. लिनक्सवर सेटिंगच्या फाइलींच्या नावाअखेरीस आजही ‘आरसी’ दिसतं, ते या रनकॉमपासून आलेलं. पुढे मल्टिक्स या नव्या व्यवस्थेसाठी पूझां यांनी शेलची कल्पना मांडली आणि १९६५मध्ये ग्लेंडा श्रोडर यांनी एमआयटीत पहिला शेल प्रत्यक्ष लिहिला. म्हणजे ‘माणसाने टाइप करायचं ते फाइलमधून चालवायचं’ हा विचार शेलच्या जन्माआधीच होता. फाइल चालत असताना माणूस जागेवर नसेल, तर काय, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला शेल १९७१च्या पहिल्या युनिक्समध्ये आला. तो अगदी छोटा होता. त्यात ‘इफ’ हा शेलचा भाग नव्हता, वेगळा प्रोग्राम होता. ‘गोटू’ हासुद्धा वेगळा प्रोग्राम. तो स्क्रिप्टच्या फाइलमध्ये वाचण्याची जागा मागेपुढे सरकवायचा आणि शेल बिचारा तिथून पुढे वाचू लागायचा. त्यावर मोठं काही उभारावं अशी अपेक्षाच नव्हती. १९७३मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून पाइप आला, एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडता येऊ लागलं, आणि लोक शेलमध्ये खरंखुरं काम लिहू लागले. १९७६मध्ये जॉन मॅशी यांनी शेलचा उपयोग उच्चस्तरीय प्रोग्रॅमिंग भाषेसारखा कसा होतो, यावर परिषदेत निबंध वाचला. टाइप करायच्या सोयीची आता भाषा झाली होती.

त्या भाषेला नीट रूप दिलं स्टीव्ह बोर्न यांनी. त्यांचा शेल १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत आला आणि आजचा प्रत्येक ‘एसएच’ त्याच्याच वंशातला आहे. त्या आवृत्तीचं मॅन्युअल वाचताना मला दरवेळी नवल वाटतं, कारण आपल्याला लागणारी बरीचशी साधनं त्यात आहेत. ‘सेट -ई’ म्हटलं की कमांड फसताच स्क्रिप्ट थांबते. ‘सेट -यू’ म्हटलं की कधीच न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर ती चूक मानली जाते. ‘सेट -एक्स’ने प्रत्येक कमांड चालण्याआधी छापली जाते. ‘ट्रॅप’ने स्क्रिप्ट संपताना किंवा मध्येच मारली जाताना करायची आवराआवर सांगून ठेवता येते. मिळालेले शब्द जसेच्या तसे पुढे देण्यासाठी अवतरणचिन्हांतलं ‘$@’ आहे. ही सगळी साधनं १९७९पासून उपलब्ध आहेत, फक्त सुरुवातीला ती बंद असतात. कारण उघड आहे. समोर बसलेल्या माणसाने एक स्पेलिंग चुकवलं आणि शेल बंद पडला, तर कोण सहन करील? माणसाची सोय ती मूळ अवस्था झाली आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतःहून सावध व्हायचं, अशी वाटणी तेव्हाच होऊन बसली.

या वाटणीतला पहिला धोका म्हणजे फसल्यावर न थांबणं. दोन ओळी डोळ्यांसमोर आणा. पहिली ‘सीडी’ने तात्पुरत्या डिरेक्टरीत जाते, दुसरी ‘आरएम -आरएफ *’ने तिथलं सगळं पुसते. एखाद्या रात्री ती डिरेक्टरी बनलीच नाही. ‘सीडी’ फसते, शेल होता तिथेच राहतो आणि दुसरी ओळ तिथलं सगळं पुसते. माणूस समोर असता तर ‘अशी डिरेक्टरी नाही’ हे वाचून त्याचा हात आवरला असता. दोन ओळींमध्ये ‘&&’ घातलं तर पहिली यशस्वी झाल्याशिवाय दुसरी चालतच नाही. त्या दोन चिन्हांत त्या माणसाचा निर्णय लिहिलेला असतो.

‘सेट -ई’ हे त्याहून सोपं वाटतं, पण त्याला भोकं आहेत आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहेत. ‘इफ’च्या अटीत कमांड फसली तर थांबून चालणार नाही, कारण ती फसते का हेच तर विचारायचं असतं. म्हणून तिथे ‘-ई’ गप्प बसतो. त्यातून अडचण अशी उगवते, की एखादं फंक्शन ‘इफ’मध्ये किंवा ‘||’च्या डावीकडे बोलावलं, तर त्या फंक्शनच्या आतल्या सगळ्या ओळींसाठीसुद्धा ‘-ई’ निजतो. दुसरं भोक पाइपचं. पाइपने जोडलेल्या कमांडींत शेवटची जे उत्तर देईल तेच सगळ्यांचं उत्तर. आपला प्रोग्राम चालवून त्याचं आउटपुट ‘टी’ कमांडने लॉगमध्ये उतरवलं, तर प्रोग्राम कोसळला तरी ‘टी’ यशस्वी होतो आणि टेस्ट पास होते. टेस्टिंगमध्ये याहून वाईट काही नाही. फसलेली टेस्ट निदान आरडाओरडा करते, अशी खोटी पास झालेली टेस्ट महिनोन्महिने गप्प राहते. यावरचा उपाय ‘पाइपफेल’. तो कॉर्न शेलमध्ये आला, २००४मध्ये बॅश या शेलच्या ३.० आवृत्तीत आला आणि पॉझिक्स या प्रमाण दस्तऐवजात २०२४मध्ये आला. पाइप आल्यापासून प्रमाणात हा उपाय यायला पन्नास वर्षं लागली.

दुसरा धोका रिकाम्या नावाचा. त्याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण २०१५च्या जानेवारीत घडलं. स्टीम हे खेळांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. स्टीमच्या डिरेक्टरीचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, त्यापुढे ‘/’ आणि ‘*’ लावायचा आणि ‘आरएम -आरएफ’ला द्यायचं. लिहिणाऱ्याला धोका जाणवला होता, कारण वर ‘भीतिदायक’ अशा अर्थाची कॉमेंटही होती. एका वापरकर्त्याने स्टीमची डिरेक्टरी दुसरीकडे हलवली होती. नाव शोधणारी ‘सीडी’ फसली, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि उरलं फक्त ‘/*’. त्या माणसाच्या मालकीच्या फाइली तर गेल्याच, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही गेल्या.

ही घटना मी नव्या मुलांना ओळ न् ओळ समजावून सांगते, कारण तिच्यात चारही नेहमीचे बचाव एका वेळी निकामी झालेले दिसतात. त्या ओळीत कोट्स बरोबर जागी होते, तरी उपयोग झाला नाही, कारण कोट्स स्पेसपासून वाचवतात, रिकामेपणापासून नाही. ‘सेट -यू’ असता तरी तो बोलला नसता, कारण व्हेरिएबल दिलेलं होतं, फक्त रिकामं होतं. ‘आरएम’ने थेट ‘/’ पुसायला नकार द्यावा अशी सोय ग्नूच्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडींच्या संचात २००६पासून आपोआप चालू असते. पण ‘*’चा विस्तार शेल आधीच करतो, त्यामुळे ‘आरएम’च्या हाती ‘/’ येतच नाही, ‘/’खालच्या सगळ्या डिरेक्टरींची नावं एकेक येतात. आणि कॉमेंटमधली सावधगिरी मशीन वाचत नाही. बोर्न शेलच्या घराण्यातलंच एक साधन इथे उपयोगी पडलं असतं. महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव लिहून त्याच्या पुढे कंसातच ‘:?’ जोडलं, की ते नाव रिकामं असलं तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते. पुसणाऱ्या प्रत्येक ओळीत ही दोन चिन्हं मी सक्तीने मागते.

तिसरा धोका स्पेसचा. शेल ओळ तोडतो ती स्पेसवर. सुरुवातीच्या युनिक्सच्या जगात फाइलीची नावं छोटी आणि बिनस्पेसची असत. ॲपलने मॅक युनिक्सच्या पायावर उभा केला, तेव्हा वेगळ्या सवयींची माणसं आली. त्यांच्या डिस्कचं नावच मुळी दोन शब्दांचं. २००१च्या नोव्हेंबरमध्ये आयट्यून्स २.०च्या इन्स्टॉलरमधल्या स्क्रिप्टने डिस्कचं नाव कोट्सशिवाय वापरलं होतं. नावात स्पेस असलेल्या काही डिस्कवरचा डेटा पुसला गेला. ॲपलने ती आवृत्ती लगेच मागे घेतली आणि सुधारलेली २.०.१ आणली. २०११मध्ये बंबलबी या लिनक्सवरच्या ग्राफिक्स-सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’ आणि पुढच्या मार्गामध्ये एक जादा स्पेस पडली. एका मार्गाचे दोन झाले आणि पुसली गेली ती सबंध ‘/यूएसआर’ डिरेक्टरी. तिथे व्हेरिएबलही नव्हतं, फक्त एकदा स्पेसबार दाबला गेला होता.

स्पेसवर मी जरा थांबते, कारण इथे शेलच्या इतिहासाचं मर्म आहे. युनिक्सचा गाभा म्हणजे कर्नल. नवा प्रोग्राम सुरू करायला त्याला ‘एक्झेक’मधून शब्दांची यादी दिली जाते. पहिला शब्द, दुसरा, तिसरा, प्रत्येक स्वतंत्र. यादीतल्या शब्दाच्या पोटात स्पेस असो, तारा असो, अवतरणचिन्ह असो, कर्नलला फरक पडत नाही. तोडणं, जोडणं, ‘*’चा विस्तार करणं हे सगळं शेल करतो, आणि करतो ते टाइप करणाऱ्याच्या बोटांना आराम मिळावा म्हणून. सलग मजकुराचे शब्द करण्याचं हे काम जेव्हा गरज नसताना करवून घेतलं जातं, तेव्हा अपघात होतो.

हे हल्लेखोरांच्या लवकर लक्षात आलं. व्हीआय या एडिटरसोबत एक छोटा प्रोग्राम असे. संपादन मध्येच तुटलं तर तो फाइल जपून ठेवी आणि वापरकर्त्याला मेल पाठवी. तो रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चाले आणि मेल पाठवायला ‘/बिन/मेल’ ही ओळ शेलकडे देई. शब्द कोणत्या चिन्हावर तोडायचे हे ‘आयएफएस’ नावाच्या व्हेरिएबलवर ठरे, आणि ते वापरकर्त्याला बदलता येई. कुणी ‘आयएफएस’मध्ये ‘/’ ठेवलं, की ‘/बिन/मेल’चे ‘बिन’ आणि ‘मेल’ असे दोन शब्द होत. मग ‘बिन’ नावाचा आपला प्रोग्राम आधीच पेरून ठेवला, की तो रूट म्हणून चाले. बाहेरून आलेलं ‘आयएफएस’ मानायचं नाही, हे शेलने पुढे शिकून घेतलं. पण शहाण्या भाषांनी याहून मोठा धडा घेतला: शेलला मध्ये आणूच नका. पर्लच्या ‘सिस्टिम’ला एक सलग ओळ दिली तर शेल येऊ शकतो, शब्द वेगवेगळे दिले तर ते थेट ‘एक्झेक’कडे जातात. पायथनच्या २.४ आवृत्तीत २००४मध्ये पीटर ऑस्ट्रँड यांच्या प्रस्तावावरून ‘सबप्रोसेस’ आलं. त्यात शेल हवा असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागतं, नाहीतर यादीच द्यायची. १९७९ची वाटणी इथे उलटली. सावध अवस्था मूळची झाली आणि सोय मागून घ्यावी लागू लागली. आमच्या टीममध्ये टेस्ट पायथनमध्ये असेल आणि तिच्यात ‘शेल=ट्रू’ दिसलं, तर लिहिणाऱ्याने त्याचं कारण शेजारी लिहायचं असा नियम आहे. पाइप आणि ‘*’ खरंच हवे असतात तेव्हा ते कारण सहज लिहिता येतं. बऱ्याचदा लिहिता येत नाही, आणि मग ती ओळ यादी होते.

आता टेस्टकडे. आपली टेस्ट आपल्यासोबत बाळगणारे प्रोग्राम फार पूर्वीपासून आहेत. लॅरी वॉल यांचं पर्ल १९८७च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडलं तेच ‘टी’ नावाच्या डिरेक्टरीसह. तिथली प्रत्येक स्क्रिप्ट आधी सांगे की आपण किती टेस्ट करणार, आणि मग एकेकीचा ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ छापत जाई. आधी आकडा सांगण्यामागे मोठा विचार आहे. स्क्रिप्ट निम्म्यावर गप मेली तर आकडा जुळत नाही आणि ते मेलेपण लपत नाही. पाहणाऱ्या डोळ्याचं एक काम त्या एका आकड्याने उचललं. हीच पद्धत पुढे ‘टॅप’ या नावाने अनेक भाषांत पसरली.

पण शेलमध्ये टेस्ट कशा लिहाव्यात याचा पाठ घ्यायचा तर गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून घ्यावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५च्या एप्रिलमध्ये गिट सुरू केलं आणि त्याच वर्षी जुलैत ते जुनिओ हमानो यांच्या हाती दिलं. गिटच्या बहुतेक टेस्ट आजही शेल स्क्रिप्टच आहेत. प्रत्येक टेस्ट फाइल स्वतःची ‘ट्रॅश डिरेक्टरी’ बनवते आणि त्यातच काम करते. सुरुवातीलाच जुनी शिल्लक असेल तर पुसते, कारण मागची फेरी वीज जाऊन किंवा जबरदस्तीने मारली गेल्यामुळे आवराआवर न करताच संपली असेल. अशा वेळी ‘ट्रॅप’सुद्धा चालत नाही. टेस्ट फसली तर मात्र ती डिरेक्टरी ठेवून देते, सकाळी येणाऱ्या माणसाला पुरावा हवा म्हणून. ‘होम’ हे व्हेरिएबलही त्या डिरेक्टरीकडेच वळवलेलं असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या खऱ्या सेटिंगला धक्का लागत नाही आणि त्या सेटिंगचा टेस्टवर परिणामही होत नाही. इनपुटच्या जागी ‘/डेव्ह/नल’, म्हणजे कायम रिकामी फाइल, असते. कुणी ‘हो की नाही’ विचारलं तर उत्तराची वाट बघत सगळं अडून बसत नाही.

२००८मध्ये त्या डिरेक्टरीच्या नावात मुद्दाम स्पेस घातली गेली. तोवर ती नुसती ‘ट्रॅश’ होती. स्पेस आल्याबरोबर कोट्स विसरलेली प्रत्येक ओळ पहिल्याच फेरीत उघडी पडते. टाळायचा धोका टेस्टने स्वतःच्या घरात कायमचा वस्तीला आणला. हा विचार मला इतका पटला, की आमच्या टेस्टच्या तात्पुरत्या डिरेक्टरीचं नाव मी ‘सदाशिव पेठ’ ठेवते. मधली स्पेस कोट्सच्या चुका पकडते. एक अक्षर म्हणजे एक बाइट असं मानून चाललेला कोड देवनागरी पकडते, कारण यूटीएफ-८मध्ये तिचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं.

गिटचं दुसरं वैशिष्ट्य ‘&&’ची साखळी. टेस्टमधली प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला ‘&&’ने जोडायची, म्हणजे मधली एक फसली की टेस्ट फसते. माणूस एखादं ‘&&’ विसरणारच. २०१५मध्ये जेफ किंग यांनी त्यावर सुंदर युक्ती काढली. टेस्ट चालवण्याआधी तिच्या सुरुवातीला ११७ हे उत्तर देऊन फसणारी एक ओळ जोडायची. साखळी अखंड असेल तर बाकी काहीच चालत नाही आणि शेवटी ११७च हाती येतं. दुसरा आकडा आला तर साखळी कुठेतरी तुटली आहे. ही तपासणी लावल्यावर गिटच्याच जुन्या टेस्टमध्ये अनेक तुटलेल्या साखळ्या सापडल्या. त्या ओळी डोळ्यांखालून गेल्या होत्या, तरी दिसल्या नव्हत्या. तिसरी गोष्ट, फसायलाच हवी अशी कमांड. ती फसली म्हणून समाधान मानायचं नाही. गिटचं ‘टेस्ट_मस्ट_फेल’ विचारतं, की तिने शहाण्यासारखा नकार दिला की सिग्नल खाऊन कोसळली. शेलमध्ये सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचं उत्तर १२८च्या पुढचं येतं, त्यावरून हे ओळखता येतं.

तात्पुरत्या फाइलींची कथाही अशीच. ‘/टीएमपी’मध्ये नाव आणि पुढे ‘$$’, म्हणजे प्रोसेसचा नंबर, अशी जुनी रीत होती. पण तो नंबर ओळखता येतो. एकाच मशीनवर काम करणारा दुसरा कुणी त्या नावाची लिंक आधीच घालून ठेवतो आणि आपली टेस्ट त्याला हव्या त्या फाइलवर लिहून मोकळी होते. ओपनबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या व्यवस्थेने १९९७मध्ये ‘एमकेटेम्प’ ही कमांड आणली. ती अंदाज न बांधता येणारं नाव निवडते आणि त्याच क्षणी फाइल बनवते, मध्ये शिरायला फट ठेवत नाही. कायमच्या अडकलेल्या कमांडसाठी २००८मध्ये कोअरयुटिल्समध्ये ‘टाइमआउट’ आली. वेळ संपली की ती कमांड मारते आणि १२४ हे उत्तर देते. समोरच्या माणसाने कंटाळून कंट्रोल-सी दाबावं, तेच हे.

परिसरातून, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधून काय झिरपतं, हे जगाला २०१४च्या सप्टेंबरमध्ये कळलं. स्तेफान शाझलास यांना बॅशमध्ये दोष सापडला आणि त्याला ‘शेलशॉक’ हे नाव पडलं. फंक्शनसारख्या दिसणाऱ्या व्हेरिएबलच्या शेपटीला कमांड जोडली, की बॅश सुरू होतानाच ती चालवायचा. हा दोष १९८९पासून तिथे होता. गिटच्या टेस्ट आपल्या नावाची जवळपास सगळी व्हेरिएबल आधी काढून टाकतात, भाषा ‘सी’ आणि वेळ ‘यूटीसी’ ठरवून टाकतात, ते बाहेरचं काही आत झिरपू न देण्याच्या शिस्तीतून. भारतात बसून टेस्टिंग करणाऱ्याला वेळेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. वेळेतला फरक पूर्ण तासांचाच असतो असं समजून लिहिलेली टेस्ट पुण्यात पडते.

अलीकडची मदत दोन बाजूंनी आली. सॅम स्टीफनसन यांनी २०११मध्ये ‘बॅट्स’ लिहिलं. त्याची ‘रन’ कमांड प्रोग्रामचं उत्तर आणि आउटपुट वेगवेगळं पकडून हाती देते. २०१२मध्ये विदार होलेन यांनी ‘शेलचेक’ आणलं. ते स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचतं आणि कोट्स नसलेलं व्हेरिएबल, रिकामं निघू शकणारं ‘आरएम’चं नाव अशा जागा दाखवतं. स्टीमच्या ओळीसारख्या ओळीसाठी त्यात खास इशारा आहे आणि उपाय म्हणून ते ‘:?’ सुचवतं. मशीनवर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सेवांनीही सावधपणा अंगभूत करायला सुरुवात केली. गिटहब ॲक्शन्समध्ये बॅश असं स्पष्ट लिहिलं, तर ‘-ई’ आणि ‘पाइपफेल’ दोन्ही आपोआप चालू होतात. पण तिथेही जुना धोका नव्या वेशात आहे. कुणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या बदलाचं शीर्षक स्क्रिप्टच्या मजकुरात थेट चिकटवलं, तर शीर्षकात लिहिलेली कमांड आपल्या मशीनवर चालते. उपाय तोच: मजकूर व्हेरिएबलमधून आणा आणि कोट्समध्ये वापरा, म्हणजे तो एक शब्दच राहील, त्याचा हुकूम होणार नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलांनी शेलचे पहिले धडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’मधून घेतले. आज आमच्याकडे सांगली, नगर, अमरावतीहून मुलं येतात. त्यांना लूप येतो, ‘ग्रेप’ येतं, फाइलीतल्या ओळी मोजता येतात. कमांड फसली तर पुढे काय होतं, हा प्रश्न मात्र त्यांना लॅबमध्ये कुणी विचारलेला नसतो, कारण लॅबमध्ये ती स्वतः समोर बसलेली असतात. परीक्षेत शेलचा प्रोग्राम बरोबर चालला की मार्क मिळतात. तो चुकला तेव्हा कसा वागला याला मार्क नाहीत. आमचं क्षेत्र नेमकं त्या न तपासलेल्या अर्ध्या भागावर उभं आहे.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे, की शेलच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक स्क्रिप्ट दोनदा चालवायला लावावी: एकदा नेहमीसारखी, आणि एकदा डिरेक्टरी गायब, व्हेरिएबल रिकामं, फाइलीच्या नावात स्पेस अशा अवस्थेत. दुसऱ्या फेरीत ती आपलं नुकसान न करता थांबली तरच पूर्ण मार्क. त्यासाठी नवं मशीन नको, नवं पुस्तक नको, एक तास पुरेल. ‘-ई’ कुठे निजतो, ‘:?’ कुठे लावायचं, यादी द्यायची की ओळ, तात्पुरती जागा कुणाकडून मागायची आणि बाहेरचं काय आत येऊ द्यायचं, हे सगळं त्या दुसऱ्या फेरीत मुलं स्वतःच विचारू लागतात. या क्षेत्रातल्या माणसांनी पन्नास वर्षं खर्चून, कुणाच्या तरी डिस्क गमावून, हे ज्ञान जमवलं आहे. ते पहिल्या सेमिस्टरलाच मुलांच्या हाती द्यायला हवं.